बॉयलर सोपा, पाइप अवघड

नेरुळच्या आमच्या वसतिगृहात बॉयलर बसवायचं ठरलं तेव्हा ज्याला त्याला एकच शंका: नवी मुंबईत हीटिंग कशाला? खोल्या तापवायच्या नव्हत्याच. पहाटे अडीचशे मुलींना आंघोळीला गरम पाणी हवं होतं, आणि दोन-दोन किलोवॅटचे ऐंशी गीझर एकदम लागले की मेन ब्रेकर पडायचा. गॅसची पाइपलाइन गेटपर्यंत आलेलीच होती.

ठेकेदारानं दाखवलेला बॉयलर गरजेच्या दुप्पट होता. हिशेब कागदावर मांडला: ५,००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला १,७५,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण दोनशे युनिट उष्णता. रात्री दोन तासांत टाकी तापवायची तर १०० किलोवॅट लागतात, थोडी उष्णता वाया जाणार म्हणून १२० पुरे. विश्वस्तांना धास्ती होती बॉयलर इन्स्पेक्टरची. पण वाफ होत नाही, पाणी १०० अंशांच्या खाली राहतं, त्यामुळे हे यंत्र बॉयलर कायद्यातल्या बॉयलरमध्ये मोडत नाही. १९२३ च्या जुन्या कायद्यातही ही सूट होती. गॅसजोडणी आणि चिमणीचं काम रीतसर पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी लढाई पाइपांशी. फिटर सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) रायझर, म्हणजे मजल्यामजल्यांतून वर जाणारे उभे पाइप, भिंतीला पक्के आवळत होता. सात मजल्यांचा, वीसेक मीटरचा सरळ पाइप ३५ अंशांनी तापला की चार-साडेचार सेंटिमीटर लांबतो. त्याला हलायला जागा दिली नाही तर सांधा तरी फुटणार नाहीतर प्लास्टर तरी. फिटर म्हणे, ‘‘साहेब, इतकी वर्षं करतोय, काही होत नाही.’’ त्यानं केलेली कामं बहुतेक गार पाण्याची. शेवटी मधल्या मजल्यांवर वळसे घालून घेतले आणि क्लॅम्प सैल ठेवले.

मग रिटर्न लाइन, म्हणजे पाइपात थांबून गार होणारं पाणी टाकीकडे परत नेणारा पाइप. ती नसेल तर शेवटच्या खोलीतली मुलगी बादलीभर गार पाणी सांडल्यावरच गरम पाणी पाहणार. ती घातली, पंप लावला, तरी तिसऱ्या रायझरचं पाणी कोमटच. पंपाजवळच्या रायझरची वाट जवळची, बहुतेक पाणी तिथूनच फिरून परत येत होतं. मोठा पंप लावा, असा सल्ला लगेच आला. आम्ही उलट जवळच्या रिटर्नचा व्हॉल्व्ह थोडाथोडा आवळत गेलो, दर वेळी तिन्ही रिटर्नना थर्मामीटर लावून. कंटाळवाणं काम, घाई केली की आकडे फसवतात. तिन्ही रिटर्न ५५ च्या आसपास आले तेव्हा थांबलो. टाकी मात्र ६० च्या खाली जाऊ देत नाही. कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांत, न्यूमोनियासारखा आजार देणारा लेजिओनेला जिवाणू फोफावतो. अंगावर घेताना नळाशी गार पाणी मिसळायचंच.

हे बॅलन्सिंग, म्हणजे तिन्ही वाटांचं पाणी सारखं करणं, झाल्यावर व्हॉल्व्हचे दांडे काढून ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केले. प्लंबर कोणीही येवो, आल्या आल्या सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.