पंचवीसचा फरक

एका बाळाच्या जनुक तपासणीचा रिपोर्ट लिहून झाला होता, सही तेवढी राहिली होती. शेवटच्या ओळीत 'अर्थ अनिश्चित', आमच्या बोलण्यात व्हीयूएस: जनुकातला बदल रोग घडवतो की नाही, सांगता येत नाही.

बाळाच्या टाचेच्या रक्तात सी ८ ॲसिलकार्निटाइन वाढलेलं होतं. चरबीपासून ऊर्जा मिळवून देणारं एमकॅड एन्झाइम कमी पडलं की ते साचतं, आणि असं मूल फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली येते. एमकॅडच्या जनुकात, एसीएडीएममध्ये, दोन बदल सापडले. आईकडून आलेला ओळखीचा: डीएनएच्या ९८५ व्या जागी ए ऐवजी जी हे अक्षर, म्हणजे प्रथिनात ३२९ व्या लायसिन या अमिनो आम्लाचं ग्लुटामिक आम्ल. वडिलांकडून आलेला दुर्मीळ, आणि त्याच्याबद्दल कुठे अक्षर नाही.

बदल रोगकारक आहे का हे ठरवायचे एसीएमजी या अमेरिकी संस्थेचे २०१५ चे निकष आहेत; त्यांना पुढे गुणांची पद्धत जोडली गेली. आम्ही त्याच बेरजेने चालतो. दुर्मीळ म्हणून १, सॉफ्टवेअरच्या अंदाजाचा १, सी ८ वाढलेलं असल्याचा १. जनुकाच्या समोरच्या, म्हणजे दुसऱ्या पालकाकडून आलेल्या प्रतीवर खात्रीचा रोगकारक बदल असलेलं एक मूल (हेच बाळ), त्याचे २. झाले ५. 'बहुधा रोगकारक' म्हणायला ६ लागतात. अशा वेळी सॉफ्टवेअरचा गुण थोडा ताणावा असा मोह होतो. मलाही झाला.

शेजारी एक जुना शोधनिबंध उघडा होता. त्यात तो ओळखीचा लायसिन ३०४ वा. छपाईची चूक म्हणून पान उलटणार, तेवढ्यात वजाबाकी केली: २५. एमकॅड मायटोकाँड्रियात शिरलं की त्याची सुरुवातीची २५ अमिनो आम्लं कापली जातात, आणि पूर्वी उरलेल्या प्रथिनापासून मोजत. हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं! शोधताना मात्र आठवलं नाही.

वडिलांकडून आलेल्या बदलाच्या क्रमांकातून २५ वजा करून पुन्हा शोधलं. सापडला. जुन्या तक्त्यातली एकच ओळ: एक मूल, समोरच्या प्रतीवर तोच ३०४, आईवडिलांची तपासणी केलेली. अमिनो आम्ल तेच ना, हे क्रमावर बोट ठेवून दोनदा मोजलं. अशी दोन मुलं झाली की २ चे ४ होतात. एकूण ७.

बाळाला उपाशी ठेवायचं नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्याच्यासाठी फारसं बदललं नाही. बदललं ते मोठ्या बहिणीसाठी. तिचं जन्मानंतर स्क्रीनिंग झालंच नव्हतं, आणि व्हीयूएसच्या जोरावर तिच्याबद्दल काही सांगता आलं नसतं.

तिचा नमुना दुसऱ्या दिवशी आला. तोवर मी माझे जुने एसीएडीएम रिपोर्ट काढून बसले होते, 'पूर्वी नोंद नाही' असं मीच लिहिलेले. नऊ निघाले.