पोटोमॅकच्या भरती-ओहोटीवर बारा हंगाम : आमची वाटचाल

माझ्या बाबांचं चिपळुणात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान मोठ्या भावावर सोपवून ते गोवळकोटच्या धक्क्यावर गरवायला जायचे आणि मला सोबत न्यायचे. वाशिष्ठीला तिथपर्यंत भरती येते. पाणी चढायला लागलं की शेंगटी लागायची, नशीब असेल तर तांबोशी. पाणी थांबलं की बाबा गरी गुंडाळून ठेवत आणि म्हणत, "आता बस. मासा पाण्याबरोबर चालतो." आज मी अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीवर लोकांना मासेमारीला नेण्याचा व्यवसाय करते आणि गिऱ्हाइकांना पहिली गोष्ट हीच सांगते.

लग्न करून २००६ साली मी मेरीलँड राज्यात आले. एका प्रयोगशाळेत नोकरी होती. घरापासून नदी पंधरा मिनिटांवर, तरी तीन वर्षं मी तिच्याकडे नुसती पुलावरून बघत होते. २००९ च्या उन्हाळ्यात शेजारच्या काकांनी (पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरी गाठलेले) अंगणातल्या बर्फाच्या पेटीतून एक मासा काढून दाखवला. लांब, गोल अंग, पाठीवर अजगरासारखे पट्टे, चपटं डोकं. ते म्हणाले, "हा सैतान बघ." माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अहो, ही तर मरळ!"

आपल्या तळ्यांतल्या मरळीची ही सख्खी चुलत बहीण. मूळची चीन, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाची. इकडे तिला स्नेकहेड म्हणतात. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात ती सापडली आणि देशभर बोभाटा झाला. हवेतून श्वास घेणारा मासा, पाण्याबाहेरही तग धरतो, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला राक्षसच केलं. कुणीतरी सूप करायला जिवंत जोडी विकत आणली होती आणि मग ती तळ्यात सोडून दिली होती. सरकारनं विष घालून ते तळं साफ केलं. पण २००४ मध्ये तोच मासा पोटोमॅकमध्ये मिळाला आणि नदीला विष घालता येत नाही.

काकांनी तो मासा खायचा नाही असं ठरवलं होतं. मी घरी आणला, हळद-मीठ लावलं, कोकमाचं आगळ घातलं आणि कालवण केलं. काट्यांचा त्रास नाही, पांढरं घट्ट मांस. काका दोनदा वाढून घेऊन जेवले. आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या जेवणापासून धरते.

पुढची चार वर्षं जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार मी काकांच्या जुन्या बोटीवर काढला. त्याला एक कारण असंही होतं की सहा प्रवासी नेण्याचा तटरक्षक दलाचा परवाना हवा असेल तर पाण्यावर घालवलेले ३६० दिवस नोंदवावे लागतात. बाबांनी चिपळुणाहून पाठवलेल्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांत मी ते दिवस लिहीत गेले : तारीख, भरतीची वेळ, वारा, काय लागलं. आणि आणखी एक रकाना पाडला, "पोटात काय". मासा साफ करताना पोट उघडून बघायची सवय बाबांची. त्यावरून दुसऱ्या दिवशीचं आमिष ठरायचं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला ती सवय लागायला वेळ लागला नाही.

२०१३ साली परवाना मिळाला, २०१४ साली अठरा हजार डॉलरला एक वापरलेली, सपाट तळाची ॲल्युमिनियमची बोट घेतली. पहिल्या वर्षी एकूण एकतीस फेऱ्या झाल्या. खर्च वजा जाता हातात जवळपास काही उरलं नाही. नवरा हिशेब बघतो. त्यानं एकदाही "बंद कर" म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे.

पहिल्या उन्हाळ्यातली मोठी चूक माझीच. पोटोमॅकची भरती समुद्रापासून वॉशिंग्टनच्या जरा वर, लिटल फॉल्सपर्यंत येते. मुखापासून शहरापर्यंत सुमारे १७० किलोमीटर. वर शहराजवळ पाण्याची चढ-उतार मीटरभराच्या आतबाहेरच, दाभोळच्या मानानं फारच थोडी. तेवढ्यात काय होतंय, असं मला वाटलं. मॅटावोमन क्रीकच्या एका आतल्या फाट्यात मी भरतीला बोट घातली, मरळ लागत होती म्हणून रेंगाळले, आणि पाणी निघून गेलं. बोट चिखलात बसली. चार गिऱ्हाइकं, त्यांतल्या एक आजी पुण्याहून मुलाकडे आलेल्या, पक्क्या शाकाहारी. पाच तास आम्ही तिथेच. आजींनी डब्यातल्या दशम्या सगळ्यांना वाटल्या आणि गरुड मोजले. मी सगळ्यांचे पैसे परत केले. उथळ खाडीत मीटरभर पाणी म्हणजे सगळंच पाणी, हे मला चिपळूणच्या मुलीला तेव्हा कळायला हवं होतं.

पण त्याच चिखलात बसून मरळीचा हिशेबही कळला. भरतीला ती लव्हाळ्यात, कमळासारख्या पानांच्या आत खोल शिरते, तिथे गळ पोचत नाही. ओहोटी लागली की पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ती फाट्याच्या तोंडाशी, पाणवनस्पतींच्या कडेला येऊन थांबते. ओहोटीचे मधले दोन तास सोन्याचे. रबराचा पोकळ बेडूक हिरव्या थरावरून सरपटवत आणायचा, जाड विणीची दोरी, आणि पाणी फुटलं की लगेच झटका द्यायचा नाही, एक श्वास थांबायचं. नव्या माणसाच्या हातून इथेच मासा जातो.

मे-जूनमध्ये नर-मादी पिल्लांच्या घोळक्याची राखण करतात. हजार-हजार केशरी पिल्लं एकत्र, पाण्यावर पाऊस पडल्यासारखी हलताना दिसतात. आईबाप समोर येईल त्यावर तुटून पडतात. तेव्हा त्यांना पकडणं सोपं आणि माझ्या दृष्टीनं गरजेचं, तरी ते करताना मला दर वर्षी जड जातं. कायद्यानं जिवंत मरळ जवळ ठेवता येत नाही. बोटीवर आली की तिथेच मारायची, कल्ले कापून बर्फात. २०१७ साली एका मराठी कुटुंबातल्या आठ वर्षांच्या मुलीनं मला विचारलं, "मावशी, त्यानं काय केलंय?" मी तिला खरं ते सांगितलं : त्यानं काही केलं नाही. माणसांनी त्याला इथे आणून सोडलं, आणि आता इथले मासे, खेकडे त्याची किंमत देतायत. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग आपण तो नीट खाऊ या."

काही मित्र गमतीनं म्हणतात, तूही परकी आणि तोही परका. मला ही तुलना आवडत नाही. माणसाला कायदा कळतो, शेजारी कळतात. माशाला फक्त भूक कळते.

मरळीचं नाव जास्त झालं, पण या नदीचं जास्त नुकसान ब्लू कॅटफिश करतो, असं माझ्या वह्या सांगतात. हा आपल्या शिंगाळ्यासारखा मिशीवाला मासा मिसिसिपी खोऱ्यातला. व्हर्जिनियात जेम्स, रॅपाहॅनॉक अशा नद्यांमध्ये १९७४ पासून दहाएक वर्षं तो मुद्दाम सोडला गेला, हौशी मासेमारांना मोठा मासा मिळावा म्हणून. गोड्या पाण्यातला आहे, खाऱ्यात जाणार नाही, असं वाटलं होतं. तो निमखाऱ्या पाण्यातही आरामात राहिला आणि पोटोमॅक ज्याला मिळते त्या चेसापीक उपसागराच्या नदीमागून नदी त्यानं धरली. २०१८ साली वॉशिंग्टनला १,६०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तिथला उच्चांक. खालचं पाणी गोडं झालं, आणि पूर्वी जिथे मला हा मासा लागत नसे तिथे त्या वर्षी लागायला लागला.

तो वीस वर्षांहून जास्त जगतो. मेरीलँडच्या पोटोमॅकमध्ये २०१२ साली ८४ पौंडांचा, म्हणजे ३८ किलोंचा मिळालेला आहे. अशा माशासाठी लोक दुसऱ्या राज्यांतून येतात. हिवाळ्यात, जेव्हा मरळ सुस्तावते, तेव्हा कॅटफिशचा मोसम : खोल पात्राच्या कडेला नांगर टाकायचा, ताज्या शॅड माशाचे तुकडे मोठ्या गोल गळाला लावायचे आणि पाणी वाहतंय तोवर थांबायचं. पहिली पाच वर्षं आमचं निम्मं उत्पन्न या मोठ्या माशांवर होतं. वजन, फोटो, आणि परत पाण्यात. सगळे असंच करत होते. मोठा मासा जिवंत राहिला तर पुन्हा कुणाला तरी लागेल, आणि तो माणूस पुन्हा पैसे देईल.

जानेवारी २०१९ मध्ये एका मोठ्या माशानं गळ खोल गिळला आणि तो बोटीवरच मेला. मी घरी नेऊन पोट उघडलं. दोन रॉकफिश, एक वीतभर, एक त्याहून मोठा. रॉकफिश हा मेरीलँडचा राज्यमासा. इकडच्या कोळ्यांच्या घरात त्याला जे स्थान आहे ते आपल्याकडे पापलेटला. आतापर्यंत माझ्या वहीत लहान कॅटफिशच्या पोटातले शिंपले, गवत, खेकड्याच्या नांग्या होत्या. मोठ्यांची पोटं मी कधी उघडलीच नव्हती, कारण मोठे मी सोडून देत होते.

त्या रात्री नवऱ्याशी बोलून आम्ही नियम केला : आमच्या बोटीवर आलेला मरळ किंवा ब्लू कॅटफिश, लहान असो की मोठा, परत पाण्यात जाणार नाही. दोन्ही माशांना मेरीलँडमध्ये ना संख्येची मर्यादा आहे, ना लांबीची, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. अडचण गिऱ्हाइकांची होती. पुढच्या हिवाळ्यातलं निम्म्याहून जास्त आरक्षण गेलं. एका जुन्या गिऱ्हाइकानं बोटीवरच वाद घातला, की वीस वर्षांचा जीव तू मारतेस कशी. त्याचं दुःख खरं होतं. मी त्याचे पैसे परत दिले. नियम बदलला नाही.

मोठा मासा खाऊ मात्र देत नाही. पीसीबी नावाची जुनी औद्योगिक रसायनं या नदीच्या गाळात आहेत, ती चरबीत साठतात आणि मासा जितका मोठा, म्हातारा, तितकी जास्त. म्हणून दोन फुटांच्या आतलेच घरी न्या, असं मी सांगते. कातडी काढायची, पोटाकडची चरबी काढायची, बाजूनं जाणारी लाल मांसाची पट्टी कापून टाकायची. त्या पट्टीतच चिखलाचा वास असतो. मग आलं-लसूण, आगळ, रव्यात घोळवून तव्यावर. मोठे मासे ओळखीच्या एका खेकडेवाल्याकडे जातात, पिंजऱ्यात आमिष म्हणून. हौशी मासेमारीत धरलेला मासा विकता येत नाही, म्हणून त्याचे पैसे मिळत नाहीत. तो कधीकधी डझनभर खेकडे देतो, तेवढंच.

२०२० चा वसंत सगळ्यांचा गेला तसा आमचाही गेला. आम्हाला सावरलं ते मराठी आणि इतर भारतीय कुटुंबांनी. घरात कोंडलेली माणसं उघड्या पाण्यावर यायला उत्सुक होती, आणि मोठ्या माशाच्या फोटोपेक्षा जेवणाचा मासा त्यांना हवा होता. तेव्हापासून आमच्या सहलीत संध्याकाळी काठावर मासा साफ करून शिकवणं असतं. मुलं मला कॅप्टन ताई म्हणतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर चिपळुणात शिरला. मी नदीवर होते, फोन लागत नव्हता. बाबा पहिल्या मजल्यावर सुखरूप होते, पण दुकान छतापर्यंत भरलं. वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे चिखल होऊन गेले. दुकान पुन्हा उघडलं नाही. माझ्याकडे तेव्हा बाबांच्या चार कोऱ्या वह्या शिल्लक होत्या.

२०२२ साली उपसागरातल्या खेकड्यांची हिवाळी मोजणी २२.७ कोटींवर आली, मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत कमी. मार्च २०२३ मध्ये मेरीलँडच्या गव्हर्नरांनी परक्या माशांमुळे मत्स्यव्यवसायावर आपत्ती आल्याचं जाहीर करा, अशी केंद्र सरकारकडे मागणी केली. २०२४ साली राज्यानं मरळीचं अधिकृत नाव ‘चेसापीक चन्ना’ केलं, लोकांनी न किळसता खावी म्हणून. मला नाव बदलणं पटलं. चन्ना हे तिच्या शास्त्रीय नावातलं पहिलं नाव, आणि आपल्या मरळीचंही तेच.

आता आमच्याकडे दोन बोटी आहेत, माझ्याखेरीज एक तरुण कॅप्टन आहे, आणि वर्षाला अडीचशेच्या आसपास फेऱ्या होतात. सहा माणसांनी चांगल्या दिवशी गळ टाकले तर चाळीस-पन्नास कॅटफिश निघतात. गळानं ही नदी मोकळी होणार नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी जाळी, विक्रीची व्यवस्था, तपासणीचे सोपे नियम हवेत. २०१६ पासून कॅटफिशची तपासणी कृषी खात्याकडे गेल्यानं लहान प्रक्रिया करणाऱ्यांचं काम अवघड झालं आहे. मी जिथे बोलावतील तिथे जाऊन हे बोलते आणि वह्या दाखवते.

बाबांच्या त्या चारांतली चौथी वही सध्या चालू आहे. गेल्या शनिवारची नोंद : ओहोटीचा दुसरा तास, पिस्कॅटवे क्रीकचं तोंड, ब्लू कॅटफिश, बावीस इंच. पोटात शिंपले, गवत, खेकड्याची अकरा पिल्लं. अकरावं शेपटाकडच्या घडीत होतं, ते आता मोठी झालेल्या, पण अजूनही दर उन्हाळ्यात येणाऱ्या, २०१७ साली प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीला सापडलं. दहाचा आकडा खोडून तिनंच अकरा लिहिला आहे.