मेफ्लॉवरवाला पूर्वज आणि मी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही एकटेच नाही, पुण्याला आले की प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, तू कुठली, आणि चारशे वर्षांपूर्वीच्या त्या गोऱ्याची वंशावळ कसली काढत बसतेस?

कारण अगदी घरगुती आहे हो. सून बॉस्टनजवळची, आणि तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पक्कं ठरलेलं की आपण मेफ्लॉवरवाल्या, म्हणजे त्या जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेत वसायला आलेल्या, जॉन हाऊलँडचे वंशज. विहीणबाईंकडे चहासुद्धा जहाजाचं चित्र असलेल्या मगमधून मिळतो. चौथीतली नात शाळेत हेच सांगून आली आणि घरी येऊन मला म्हणते, आजी, पण हे खरंय कशावरून? मी नुकतीच रिटायर होऊन इथे आलेले, बाहेर गुडघाभर बर्फ, हातात वेळच वेळ. लागले मागे.

आधी हा माणूस कोण ते सांगते. १६२० मध्ये मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते, त्यात हा जॉन कार्व्हर नावाच्या बड्या असामीचा, वसाहतीच्या पहिल्या गव्हर्नरचा, नोकर म्हणून आला. वाटेत वादळात डेकवर आला आणि गेला थेट समुद्रात, पण बाहेर लोंबणारा शिडाचा दोर हाताला लागला, पाण्याखाली जाऊनही सोडला नाही, मग लोकांनी ओढून वर घेतला. हे विल्यम ब्रॅडफर्डने, म्हणजे कार्व्हरनंतरच्या गव्हर्नरनेच, लिहून ठेवलंय. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ अर्धी माणसं मेली, त्यात एलिझाबेथ टिली नावाच्या मुलीचे आईवडील दोघंही. पुढे हाऊलँडने तिच्याशी लग्न केलं, दहा मुलं झाली, दहाही जगली. म्हणून तर आज अमेरिकेत याचे वंशज कुठेही दगड मारा, सापडतात, रूझवेल्ट काय, बुश काय.

आता गंमत बघा. ही एलिझाबेथ टिलींची मुलगी नाही, तर गव्हर्नर कार्व्हरच्या घरातली, असं लोक कितीतरी वर्षं मानत होते. साहजिकच आहे म्हणा, नोकराने मालकाच्या घरची मुलगी केली ही गोष्ट ऐकायला कोणाला नको? हाऊलँडच्या कबरीवरच्या दगडातसुद्धा तेच कोरलं होतं. आणि ब्रॅडफर्डची मूळ हस्तलिखित वही अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून गायब झालेली, ती १८५५ मध्ये सापडली कुठे, तर लंडनच्या बिशपच्या लायब्ररीत! तिच्या शेवटी प्रवाशांची यादी, कोणाचं लग्न कोणाशी झालं, किती पोरं, आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं, जॉन टिलीची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद पण आहे, बेडफर्डशरमधल्या हेनलो गावच्या चर्चमध्ये, १६०७ ची. मग नवीन दगड बसवावा लागला. हे वाचलं आणि मी ठरवलं की विहीणबाई काहीही म्हणोत, मी फक्त कागदाचं ऐकणार.

कागद वाचणं मात्र सोपं नाही. त्या काळचं इंग्रजी हस्ताक्षर बघितलं की आपली मोडी आठवते, अक्षर कुठे संपतं आणि पुढचं कुठे सुरू होतं देव जाणे. (मी मोडीचा क्लास केला होता, तो इथे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. लिपी वेगळी, पण डोळ्याला सवय तीच.) त्यात तारखांचा घोळ. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून हाऊलँड वारला ती तारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी दुहेरी लिहितात. हे माहीत नसेल तर मूल आईवडिलांच्या लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं आणि आपण उगाच दचकतो.

मी सुनेपासून मागे मागे गेले आणि १८०० च्या आसपास अडकले. मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी जन्म-मृत्यू व्यवस्थित लिहून ठेवलेत, पण माणसं तिथून उठून न्यूयॉर्क राज्यात शेती करायला गेली आणि तिकडे सरकारी नोंदणी १८८० नंतरची. आठ महिने मी एकाच माणसापाशी बसून होते, आडनाव हाऊलँड, बाप कोण पत्ता नाही. सुटलं ते भलतीकडूनच. हे लोक क्वेकर पंथाचे निघाले, आणि क्वेकरांत गाव सोडताना आपल्या सभेकडून दाखला न्यावा लागायचा. तो दाखला मिळाला, मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथचा. तिथून गाडी सुसाट मागे गेली आणि पोचली हेन्री हाऊलँडपाशी.

हेन्री. जॉन नाही. जॉनचे दोन भाऊ, आर्थर आणि हेन्री, नंतरच्या जहाजांनी आले होते, आणि क्वेकरांना घरात सभा भरवू दिली म्हणून हेन्रीला दंडही झाला होता. म्हणजे आडनाव बरोबर, जहाज चुकलं.

मला विचाराल तर हेन्रीच जास्त आवडला. जॉनची समुद्रात पडल्याची गोष्ट सगळे सांगतात, पण १६३४ मध्ये केनेबेक नदीवरच्या व्यापाराच्या ठाण्याचा प्रमुख तो असताना बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या धंद्यावरून भांडण होऊन दोन माणसं गोळीने मेली, ते मगवर कोणी छापत नाही. आणि या मेफ्लॉवरवाल्यांचं प्लिमथ वसलं ते वांपानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पटक्सेट गावाच्या जागेवर, साथीत ते अख्खं गाव आधीच ओसाड पडलेलं. त्यांच्या वंशावळी शोधायला चर्चचं रजिस्टर कुठून आणायचं?

विहीणबाईंना फोन करायला मी चार दिवस लावले. बराच वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाल्या, भाऊच होता ना त्याचा? मग ठीक आहे, मग राहू देत. आणि लगेच, आता तुमच्या बाजूचं सांगा, नातीच्या तक्त्यात तो अर्धा कागद कोरा आहे. आमचा कुलवृत्तांत आहे हो, जाडजूड, अकरा पिढ्या. काढून बसले. माझ्या पणजीच्या नावापुढे लिहिलंय, माहेर अज्ञात. त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांकडे वही असेल, डिसेंबरमध्ये जाणार आहे.