पॅरिसचा उन्हाळा अन् परभणीचं ऊन

लग्नसराई चालूय पण दुपारी एक ते चार आमच्या कापड दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, बाहेर ऊन मरणाचं, मी आपला कूलरपुढं ताग्याला टेकून मोबाईल बघत बसतो. मागच्या जूनमधले, म्हणजे 2025 चे, मिलान अन् पॅरिसचे पुरुषांच्या कपड्यांचे शो परत बघितले. हे लोक पुढच्या उन्हाळ्याचे कपडे जूनमध्येच दाखवतात, आपल्याकडं तेव्हा मृग लागलेला असतो अन् सगळ्यांचं डोकं पेरणीत. म्हणलं आता खरं ऊन आलंय तर आता बघू.

आधी प्राडा, इटलीची महागडी फॅशन कंपनी. तिच्या चपलेचा एवढा गदारोळ झाला की कपडे कोणी धड बघितलेच नाहीत. अंगठा, पट्टा, वेणी, सगळी आपली कोल्हापुरी, अन् सांगितलं काय तर नुसतं लेदर सँडल! 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली वस्तू राव. ओरड झाल्यावर कबूल केलं, अन् डिसेंबरात इथल्याच कारागिरांकडून 2000 जोड करून घ्यायचा करार केला, एक जोड 800 युरोच्या आसपास. माझी नवी होती तेव्हा आठ दिवस चावली होती, तेल पाजून पाजून मऊ केली, यांच्या गिऱ्हाईकाला हे कोण सांगणार? कपड्यांचं म्हणाल तर ट्रॅकपँटवर कोट आवडला, ती बाळाच्या लंगोटासारखी फुगीर चड्डी मात्र फुकट दिली तरी नको.

डिओर या फ्रेंच कंपनीत डिझायनर जोनाथन अँडरसनचं पहिलं कलेक्शन होतं, त्यातली घेरदार कार्गो चड्डी बघितली अन् पुढं सरकवलं.

लुई व्हिटॉन या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या डिझायनर फॅरेल विल्यम्सनं, हा मूळचा गायक, अख्खा शो भारतावर केला. मॉडेल चालतात त्या जमिनीवर आर्किटेक्ट बिजॉय जैनच्या स्टुडिओ मुंबईनं केलेली सापशिडी, गाण्यात रहमान. भरजरी कपडे मला वरातीतल्यासारखे वाटले, अन् भरजरीच पाहिजे होतं तर आमच्या औरंगाबादचा हिमरू काय वाईट, सूत-रेशमाचा, निजामाच्या काळात त्याच्या शेरवान्या व्हायच्या. पण त्या ढगळ, विटक्या कॉफी रंगाच्या पँटा! बुटावर लोळणाऱ्या, आतून वारं खेळणाऱ्या. उन्हाळ्याची पँट असावी तर अशी.

फोटो घेऊन आमच्या टेलरमामाकडं गेलो. आजकाल पोरं पँटीचा बॉटम तेरा इंचाच्या वर जाऊ देत नाहीत, मी म्हणलं वीस ठेवा अन् पुढं दोन-दोन प्लेटा टाका. मामानं चष्म्यावरून बघितलं, टेप गळ्यातच. म्हणले, "सव्वा मीटरच्या पीसात बसत नसती ही, दीड मीटर आण. अन् पायजमाच शिवायचा तर एवढं भारी कापड कशाला नासवतो?"

दीड मीटर दिलं. शिवून आली, झकास बसली, मांडी घालून पंगतीत बसलो तरी कुठं ताणत नव्हती. चुलतभावाच्या लग्नात घातली तर मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काहून रे, दादाची घालून आलास का?"