थर्गुड मार्शल यांचा आवाज

आज सुट्टी होती. दुपारभर अमेरिकेतले कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल यांना ऐकलं. १९५८ सालचं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादाचं ध्वनिमुद्रण.

आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराच्या शाळा मंडळाला कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेणं अडीच वर्षं पुढे ढकलायचं होतं. कारण काय, तर गावात दंगा होतो! मार्शल म्हणतात, मला काळजी वाटते ती गोऱ्या मुलांची. हक्क हवे तर कायदा धुडकावा, असं त्यांना शिकवलं जातंय. आपल्या अशिलांची पोरं रोज शिव्या खात असताना समोरच्यांच्या पोरांचाही विचार! मी ते तेवढंच पुन्हा ऐकलं.

या माणसाला मेरिलँडच्या लॉ स्कूलचं दार रंगामुळे बंद होतं. मग बाल्टिमोरहून रोज आगगाडीने वॉशिंग्टनला, हॉवर्ड विद्यापीठात. १९३३ला वर्गात पहिले. आणि १९३५ला गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासोबत कोर्टात उभं राहून त्याच मेरिलँडला एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश देणं भाग पाडलं.

सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले लढले, २९ जिंकले. १९६७ला तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, २४ वर्षं राहिले. पण मला त्यांच्यातला वकीलच अधिक मोठा वाटतो.

लिटल रॉकचा निकाल युक्तिवादाच्या दुसऱ्याच दिवशी आला. मुदतवाढ नाही. पुढे निकालपत्रावर नऊही न्यायमूर्तींनी आपापलं नाव घातलं. गव्हर्नरने मात्र गावातली हायस्कुलंच वर्षभर बंद ठेवली, गोऱ्यांची आणि काळ्यांचीही.