आधी करंट, मग पेट्रोल: बंद राहिलेली जुनी बुलेट पुन्हा नीट चालवताना

किक मारून मारून इंजिन एकदाचं पकडतं, पण चोक काढला की बंद पडतं. स्लोला थांबत नाही, चढावर मिस मारतं, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके. दोन-तीन पावसाळे शेडमध्ये काढलेल्या कास्ट आयर्न बुलेटची ही नेहमीची तक्रार. त्यावर सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो: कार्बोरेटर खोला.

कार्बोरेटर खोलावा लागतोच, पण शेवटी. कमजोर करंटने प्लग काळा पडतो आणि तो अगदी जास्त पेट्रोलचा प्लग वाटतो. मग माणूस कार्बोरेटरचा एअर स्क्रू फिरवतो, जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची नळी) बदलतो, आणि एका दोषाचे दोन होतात. म्हणून क्रम ठरवून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

खालचं सगळं पॉइंटवाल्या ३५० साठी आहे. पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारा स्विच. मद्रासला १९५५ पासून जुळणी सुरू झालेली हीच ती ३४६ सीसी, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकची बुलेट. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या नंतरच्या मॉडेलांनी पॉइंटचा भाग सोडून द्यावा.

पहिल्या किकेच्या आधी

या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात, मागच्या बाजूला असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून लिटरभर ओततो, आणि सुरू केल्यावर निळा धूर आणि ब्रीदरमधून (क्रँककेसच्या हवेच्या नळीतून) ऑइल. लोक पिस्टनच्या रिंग गेल्या म्हणून इंजिन उघडायला निघतात. त्याऐवजी टाकीचा आणि क्रँककेसचा, दोन्ही ड्रेन बोल्ट काढून सगळं ऑइल बाहेर घ्या. तसंही ते बदलायचंच आहे. नवीन २०डब्ल्यू५० सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा.

प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग इग्निशन बंद ठेवून हळूहळू किक फिरवा. हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) थोडा सैल करा. किका मारताना तिथे ऑइल ओलावत नसेल तर इंजिन सुरू करायचं नाही, आधी पंप बघायचा. क्लच प्लेटी चिकटल्या असतील तर क्लच दाबून धरून चार-सहा किका मारा. या गाडीत किक गिअरबॉक्समार्गे क्लचमधून जाते, त्यामुळे प्लेटी सुटल्या की पाय मोकळा जातो.

आता प्लग लावा आणि कॉम्प्रेशनवर किक दाबून वजन टाका. पाय अडला पाहिजे. लगेच बसत असेल तर कान लावा: सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आलं तर इनलेट, ब्रीदरमधून आलं तर रिंग. व्हॉल्व्हच्या बाबतीत बहुतेक वेळा सीटवर गंज किंवा कार्बनचा कण अडकलेला असतो. पण हेड काढायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची ढील, बघा. इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला. दोन्ही पुशरॉड बोटाने गोल फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळता कामा नयेत. या इंजिनाला फिलर गेजची फट द्यायची नसते.

करंट

सुरुवात बॅटरीपासून. १२ व्होल्टची बॅटरी भरलेली आणि निवांत असताना साधारण १२.६ दाखवते. हेडलाइट लावल्यावर ११ च्या खाली घसरली तर ती संपली. चार्जरवर ती भरलेली वाटेल, पण गाडीवर कॉइलला (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पुरेसा करंट देणार नाही. हेडलाइट लावली की मिसिंग वाढतं, ही त्याची खूण. फ्रेमवरची अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या. कोकणपट्टीत खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा निम्मा त्रास इथेच असतो.

मग पॉइंटच्या डबीचं झाकण उघडा. पॉइंट टंगस्टनचे असतात. न वापरता दमट हवेत राहिले की त्यांच्यावर करडा थर चढतो, आणि तो करंट अडवतो. डोळ्यांना पॉइंट ठीक दिसतात, म्हणून मीटर लावा: इग्निशन चालू, पॉइंट मिटलेले, दोन्ही पॉइंटांच्या टोकांमधला व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर असेल तर पॉइंट साफ करायचे. बारीक, ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कोरा कागद मिटलेल्या पॉइंटांतून ओढून काढा. हे दुसरं काम बहुतेक जण करत नाहीत आणि पेपरची पूड तिथेच राहते. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. एका पॉइंटवर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा असेल तर घासत बसू नका. पॉइंट नवीन आणि बरोबर कंडेन्सरही (पॉइंटांवरची ठिणगी दाबणारा भाग) नवीन. गाडी चालू असताना पॉइंटांवर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलाच. नवीन प्लगचा गॅप ०.५ मिमी ठेवा आणि प्लग कॅपही बदला, फार पैसे लागत नाहीत.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा भाग: पॉइंट प्लेटच्या मागचं ऑटो ॲडव्हान्स युनिट. दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे जातं. गाडी उभी राहिली की त्यातलं जुनं ग्रीस मेणासारखं आळतं आणि वजनं जिथे असतील तिथेच अडकतात. पुढे अडकली तर किक उलटी मारते, घोट्याला इजा होऊ शकते. मागे अडकली तर गाडी स्लोला बरी वाटते, पण पिकअप नाही, इंजिन तापतं आणि वेग काही केल्या वाढत नाही. तपासणी सोपी आहे: कॅम बोटांनी फिरायच्या दिशेने वळवा आणि सोडा. तो टचकन जागेवर परतला पाहिजे. आळसावून परतला किंवा अर्ध्यात थांबला तर युनिट काढून रॉकेलमध्ये धुवा आणि खिळींना एकेक थेंब पातळ ऑइल द्या. पुन्हा ग्रीस भरू नका. मग टायमिंग: युनिट पूर्ण मागे असताना, कॉम्प्रेशनच्या टीडीसीच्या ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. पॉइंटांत पतंगाच्या कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहा. जिथे ती सुटते तो उघडण्याचा क्षण.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक बरणीत काढा आणि तासभर ठेवा. आता पंपावर मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. कॉक तळाशीच असल्यामुळे कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं. बरणीत दोन थर दिसले, किंवा वार्निशसारखा वास आला, तर ते पेट्रोल नव्यात मिसळून वापरायचं नाही. जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचे वॉशर ई२० ने फुगतात किंवा चिरतात, तेही बदला.

पाइप काढून कॉक उघडा आणि मिनिटभर बाटलीत धार घ्या. लिटरला ३० किमीचं ॲव्हरेज आणि ताशी ६० चा वेग धरला तर इंजिनाला मिनिटाला जेमतेम ३३ मिली लागतं. त्यामुळे मिनिटाला २०० मिली आलं तर पुष्कळ झालं. धार सुरुवातीला जोरात येऊन बारीक होत गेली तर कॉकच्या जाळीवर गंज बसलाय किंवा झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारणीचं मातीचं घर, हे दोन्ही पाहून घ्या.

आता कार्बोरेटर. या गाडीच्या मिककार्ब व्हीएम२४ कार्बोरेटरमध्ये पहिला बुजतो तो पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारा), कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. चोक काढल्यावर गाडी बंद पडण्याचं मुख्य कारण हेच. जेट उजेडाकडे धरा, भोक नीट गोल दिसलं पाहिजे. साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार घ्या. पिन किंवा स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं आणि जेट वाया जातो. जेट साफ करून काम संपत नाही. स्लाइडच्या (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) पुढे, कार्बोरेटरच्या तळाला जी बारीक भोकं आहेत, तीही क्लीनर मारून हवेने मोकळी करा. एअर स्क्रू हळूच बसेपर्यंत आत घेऊन दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. हेडवर बसणारा फ्लँज सपाट काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळल्याने तो वाकतो, बाहेरची हवा ओढली जाते आणि स्लो कधी चढतं, कधी पडतं. फटाक्यांचंही ते एक कारण.

यानंतरही कुठेतरी मिस मारत असेल तर अंदाज बांधू नका. ॲक्सिलरेटरच्या ग्रिपवर आणि हाऊसिंगवर पांढरी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मिसिंग कोणत्या खुणेवर येतं ते पाहा, इंजिनाच्या वेगाकडे लक्ष देऊ नका. पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पाव पर्यंत स्लाइडची कापणी, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. ई२० वर मिश्रण थोडं पातळ होतं. मधल्या टप्प्यात गाडी अडखळत असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं.

गाडी आठ-दहा किलोमीटर छान चालून मग बंद पडली तर तिथेच दोन गोष्टी करा. आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली तर झाकणाचं भोक बंद आहे. आवाज आला नाही तर प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. गरम असताना करंट नाही आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर आहे, असं असेल तर पेट्रोलचा संबंध नाही. आधी कंडेन्सर बदला. तरीही तेच झालं तर कॉइल.