स्नोमोबाइलची मागची चाकं निवडताना

2023-24 चा हिवाळा अमेरिकेतल्या मिनेसोटात इतका उबदार गेला की ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या वाटांवर, बर्फच टिकेना, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या वाटांवर चालणाऱ्या जुन्या स्नोमोबाइल बऱ्या भावात विकायला निघाल्या. त्यातलीच एक आम्ही घेतली. गाडीला ढकलणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, 137 इंची, इंजिन ठणठणीत, बाकी सगळं ‘जसं आहे तसं’. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही याच राज्यातली. त्यावरून इथे घराघरांत वाद होतात, त्यात आपण कशाला पडा.

गाडी आडवी करून मागचं सस्पेन्शन हाताने फिरवून पाहिलं तर एक चाक करकरत होतं, दुसरं डुलत होतं आणि दोघांचं रबर कडेने सोलून निघालं होतं. नवी चाकं लागणार हे उघड होतं. पण दुकानांच्या यादीत प्लास्टिकची, ॲल्युमिनियमची, लाल, निळी, मोठी, छोटी, भोकांची, बिनभोकांची अशी शेकड्याने चाकं. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तरी पहिली संध्याकाळ नुसती रंग बघण्यात गेली.

ही चाकं गाडी पळवत नाहीत. ट्रॅक फिरवतो पुढचा ड्राइव्ह शाफ्ट. सस्पेन्शनच्या दोन रेलांच्या तळाशी प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना स्लाइड म्हणतात. ट्रॅकच्या पोलादी क्लिपा त्या पट्ट्यांवरून घासत जातात आणि आत येणारा भुसभुशीत बर्फ त्यांना थंड ठेवतो, वंगणही तोच. ट्रेल कडक झाली, बर्फ गोठून टणक झाला, की स्लाइड तापते, मऊ होते आणि अक्षरशः वितळून क्लिपांना चिकटते. रेलांवरची छोटी चाकं, म्हणजे बोगी, स्लाइडवरचा भार वाटून घेतात. म्हणून कुठली चाकं घ्यायची हे आपण कसल्या बर्फावर चालवणार त्यावर ठरतं. पश्चिमेला डोंगरात, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात चालवणारे उलट चाकं काढून वजन कमी करतात. आम्ही चालवणार डलूथहून ग्रँड मरेकडे जाणाऱ्या ट्रेलवर, शनिवारी दुपारपर्यंत शेकडो गाड्यांनी घोटून गुळगुळीत केलेल्या.

शेजारचे आजोबा पोरवयापासून स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, चालवतात. त्यांचं मत पक्कं होतं : मागच्या ॲक्सलची चाकं मोठी कर. ट्रॅक मोठ्या चाकावरून वळताना कमी मुडपतो, म्हणून अडथळा कमी, हे तत्त्व बरोबरच आहे. पण मी कागद घेऊन बसले. माझी मागची चाकं 181 मिमी व्यासाची, ते सांगत होते ती 203 ची. त्रिज्येत 11 मिमीचा फरक, म्हणजे अर्ध्या वेढ्यात ट्रॅक साधारण 35 मिमी जास्त खाणार आणि तेवढं भरून काढायला ॲक्सल सतराएक मिमी पुढे घ्यावा लागणार. ट्रॅक ताणायच्या ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा होती, पण जेमतेम. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर वेगमर्यादा ताशी 50 मैल. तेवढ्या वेगासाठी मला हा खर्च पटेना. आजोबा नाराज झाले, पण कॉफी दिली.

मग बोगी. व्हर्नियर लावला तर दोन बऱ्या दिसणाऱ्या चाकांचं माप 141 च्या जागी 138 आलं. रबर झिजलं होतं. इथे मुख्य गोष्ट कळते : एका ॲक्सलवर एक नवं आणि एक झिजकं चाक लावलं तर भार नव्यावर जातो आणि त्याचंच रबर आधी फाटतं. म्हणून जोडीने बदलायचं. आणि ‘जरा मोठं घालू, स्लाइड वाचेल’ हाही मोह टाळायचा. ट्रॅक तेवढ्याच जागी खाली ढकलला जातो आणि सगळं ओझं त्या एका जोडीवर येतं. स्लाइड वाचवायची तर व्यास तोच ठेवून चाकं वाढवावी. माझ्या रेलमध्ये कंपनीने जादा जोडीसाठी भोकं आधीच पाडून ठेवली होती. चाक ट्रॅकच्या आतल्या दात्यांना घासत नाही ना, एवढं बोल्ट आवळण्याआधी ट्रॅक हाताने पूर्ण फिरवून बघायचं.

ॲल्युमिनियमची चाकं देखणी असतात. महाग, जड, आणि कारागिरी बघत राहावी अशी. मी प्लास्टिकचीच घेतली, रबर चढवलेली. मला तिथे फिरणारं वजन वाढवायचं नव्हतं.

यादीतला खरा सापळा भोकाच्या मापाचा. बाहेरून एकसारखं दिसणारं चाक 20 मिमी, पाऊण इंच आणि 25 मिमी अशा वेगवेगळ्या ॲक्सलसाठी मिळतं. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, 20 चं चाक त्यावर बसतं, फिरतं, आणि पहिल्याच दिवशी खडखडायला लागतं. माझं जुनं बेअरिंग पुसलं तर नंबर निघाला 6205, म्हणजे भोक 25 मिमी. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांच्या दुकानात दोन-तीन हॉर्सपॉवरच्या मोटरींतून हेच बेअरिंग निघतं.

“किती फिरतंय गं ते?” त्यांनी विचारलं.

हिशेब केला. ताशी 50 मैलांना 141 मिमीचं चाक मिनिटाला तीनेक हजार फेरे घेतं. विहिरीवरच्या टू-पोल मोटरीएवढेच.

“मग घाबरायचं काय त्यात? पन झेडझेड घेऊ नकोस. पत्र्याचं सील हाय ते, पानी आत जातंय. टू आरएस बग, दोन्हीकडनं रबर.”

नव्या चाकांबरोबर आलेली बेअरिंगं टू आरएसच होती, मात्र आतलं ग्रीस बोटाला लागेल न लागेल इतकंच. एका बाजूचं सील सुईने अलगद उचलून थंडीत न गोठणारं ग्रीस भरलं, सील परत दाबून बसवलं. बाकीच्या चाकांत फक्त बेअरिंग बदलली. बेअरिंग अडकवून ठेवणारी कडी, म्हणजे सर्कलिप, काढायची, जुनं ठोकून बाहेर, आणि नवं फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून आत. पुरणपोळ्यांच्या डब्याशेजारी बेअरिंगं पाहून नवऱ्याने काही विचारलं नाही. दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर दिला की गोळ्या रिंगांना खड्डे पाडतात.

शेवटी ट्रॅकचा ताण. मॅन्युअलमध्ये ठरावीक वजन टांगून स्लाइड आणि ट्रॅकमधली फट मोजायला सांगतात. ती मोजली, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे केले, आणि मोठ्या चाकांच्या वाचलेल्या पैशांतून रेलवर बर्फ खरवडून उडवणारे स्क्रॅचर लावले. ते रिव्हर्स घेताना वर अडकवून ठेवावे लागतात, नाहीतर वाकतात.

पहिल्या फेरीत दर थांब्याला हातमोजा काढून प्रत्येक चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, चाचपत होते. एक डावं बाकीच्यांपेक्षा जरा कोमट लागलं, म्हणून घरी येऊन काढलं. चाकाशेजारी अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर, तिरका बसला होता. तो सरळ केला, सगळे बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळले. गाडी प्रेशर वॉशरने धुणं तेवढं बंद केलंय, सीलच्या तोंडावर तो फवारा नको.